सवड काढायची, पण कुणाच्या वेळातून?

डिसेंबर २०१६ मध्ये, नोटबंदीच्या धामधुमीत, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, कॅमेरे आले, दुकानादुकानात कार्ड घासायची यंत्रं बसली. आजूबाजूच्या पाड्यांवरून धसईच्या बाजाराला येणाऱ्या बायांचा व्यवहार कसा चालतो, हा विषय मात्र त्या गाजावाजात नव्हता. तो निघाला असता तर कळलं असतं की बायांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या कॅशलेसच आहे. पाणी, सरपण, स्वयंपाक, घरच्या शेतातली लावणी, म्हाताऱ्यांची उस्तवार, पोरांची आजारपणं, यातल्या कशालाच रोकड लागत नाही, कारण यातल्या कशाचीच किंमत कुणी मोजत नाही.

या न मोजलेल्या कामांच्या यादीत एक काम असं आहे की ज्याकडे आपण, चळवळीतल्या बायांनीही, धड पाहिलेलं नाही. ते म्हणजे बाईच्या हातातली कला. गोधडी शिवणं, उशीच्या अभ्य्रावर टाके घालणं, क्रोशाचं तोरण, जुन्या साडीच्या पिशव्या. हे काम आहे, आणि ते नुसतं कामही नाही. बाई ते घरासाठी करते आणि स्वतःसाठीही करते. म्हणूनच ते ना श्रमाच्या हिशेबात बसतं, ना विश्रांतीच्या.

मासिकांची पानं आणि दुपारचे टीव्हीवरचे कार्यक्रम बाईला उपदेश करत असतात, 'छंदासाठी वेळ काढा'. जणू वेळ म्हणजे कपाटात मागे पडलेली वस्तू आहे, जरा हात घातला की सापडेल. माझं म्हणणं सरळ आहे. बाईचा वेळ हरवलेला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी कामी लागलेला आहे. तो त्यांच्याकडून परत घ्यावा लागेल. परत न घेता 'सवड काढ' असं बाईला सांगणं म्हणजे तिला आणखी थोडं कमी झोपायला सांगणं.

एका गोधडीला काय लागतं?

आधी गोधडीचाच विचार करू. जुनी लुगडी, विरलेल्या साड्या, धोतरं उसवून, धुऊन, वाळवून ठेवायची. फाटकं कापून टाकायचं, बरं ते निवडायचं. आत काय घालायचं, वर कुठला रंग दिसू द्यायचा, काठ कुठे लावायचा हे ठरवायचं. मग ओटीवर किंवा अंगणात थरावर थर अंथरायचे, ते सरकू नयेत म्हणून कच्चे टाके घालायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. पाठ वाकलेली, मांडी मोडलेली, बोटाला सुईची भोकं. हे एका बैठकीत होत नाही. दुपारी तासभर, उद्या अर्धा तास, परवा काहीच नाही, असं करत ती पुरी होते. दोघीतिघी चारी बाजूंनी बसल्या तर लवकर होते आणि गप्पाही होतात.

याला ऋतूही ठरलेला आहे. आपल्याकडे भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर, पावसाच्या आधी. त्याच दिवसांत राबासाठी पालापाचोळा आणि शेण गोळा करायचं असतं, लग्नसराई असते, पाणी आटलेलं असतं. तरीही ज्या कुणबी घरात स्वतःचं थोडं भात पिकतं, त्या घरच्या बाईला उन्हाळ्याची एखादी दुपार मिळू शकते. कातकरी बाईचं काय? दिवाळी झाली की तिचं बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं आणि पाऊस तोंडावर आला की परत येतं. म्हणजे गोधडी शिवायचे जे दिवस, नेमके तेच दिवस तिचे भट्टीवर जातात. अंथरायला आणि पांघरायला गोधडी सगळ्यात जास्त लागते ती तिला, आणि ती शिवायला ओटी नाही, दुपारही नाही. तेव्हा 'बायांना वेळ नाही' असं सरसकट म्हणून भागणार नाही. सवडीलाही जात आहे, जमीन आहे.

दुसरी गोष्ट. पूर्वी गोधडी ही गरज होती, म्हणून ती शिवणं हे बाईचं कर्तव्य होतं. आज सुती लुगडी घरातून गेली, सिंथेटिक साड्यांची गोधडी हातात ठरत नाही, आणि बाजारात सोलापुरी चादर, गुबगुबीत ब्लँकेट सहज मिळतं. म्हणजे आता गरज कमी झाली. मग तरीही एखादी बाई सुईदोरा घेऊन बसली की घरातले म्हणतात, 'हे काय रिकामपणचे उद्योग?' गरज होती तेव्हा तिला विचारलं नाही कारण ते करणं भागच होतं. गरज संपली तेव्हाही विचारलं नाही कारण आता ते करण्याचं कारणच उरलं नाही. तिला आवडतं, हे कारण दोन्ही वेळेला कुणाच्या मनात आलं नाही.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या बाया गोधडीला 'कवंदी' म्हणतात. कवंदीच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी 'फुलं' लावल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. फुलांनी ऊब वाढत नाही. तरी ती लागतात. घरादारासाठी राबणाऱ्या बाईने ठरवलेलं आहे की नुसती ऊब पुरेशी नाही, देखणेपणही हवं. मी जी सवड म्हणते ती या फुलांसाठी लागणारी सवड.

सरकारी कागदावर ही बाई कुठे आहे?

देशातल्या रोजगाराची पाहणी करणाऱ्या सरकारी सर्वेक्षणांत माणसांना त्यांच्या कामानुसार सांकेतांक दिलेले असतात. त्यात ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरासाठी भाजीपाला, कंदमुळं, सरपण, चारा गोळा करणारी आणि घरच्या वापरासाठी शिवणकाम, विणकाम करणारी. या दोन्ही सांकेतांकांतल्या बाया श्रमशक्तीच्या बाहेर धरल्या जातात. २०१७-१८ पासून सुरू झालेल्या श्रमबल सर्वेक्षणातही हेच सांकेतांक पुढे आले. म्हणजे शिवणकाम होतं हे सरकारला माहीत आहे, त्याचं नाव कागदावर छापलेलं आहे आणि ते करणारी बाई मात्र 'काम न करणारी' आहे.

गंमत अशी की संयुक्त राष्ट्रांच्या १९९३ च्या राष्ट्रीय हिशेबपद्धतीनुसार घरच्या वापरासाठी बनवलेली वस्तू हे उत्पादनच असतं. स्वयंपाक आणि धुणीभांडी त्या पद्धतीतही बाहेरच राहिली, पण वस्तू आत आल्या. त्या हिशेबाने गोधडी हे उत्पादन झालं आणि आपल्या सर्वेक्षणाच्या हिशेबाने ती शिवणारी कामकरी झाली नाही. वस्तू आहे, पण ती कुणी केलीच नाही!

वेळेच्या वापराची पाहणी आपल्याकडे पहिल्यांदा १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. देशभरची पाहणी व्हायला २०१९ उजाडलं, दुसरी २०२४ मध्ये झाली. २०१९ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायांची मिनिटं २८९ झाली. बायांचं ओझं दहा मिनिटांनी कमी झालं म्हणून आनंद मानायचा, तर पुरुषांचा आकडाही ९७ वरून ८८ वर आलेला. पाच वर्षांत अंतर किती मिटलं? २०२ मिनिटांचं २०१ झालं. आणि हे फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचं. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात थोडंही घरकाम केलेल्या बाया शंभरात ८१ होत्या, पुरुष २६.

या मिनिटांत काय काय मावलेलं आहे ते शेजारच्या शहापूर तालुक्यात जाऊन पाहावं. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. टँकरची वेळ नक्की नसते. तो सकाळी येईल म्हणून बाई थांबते, दुपारी येतो. ती वाट पाहण्यातली दुपार कुठल्या पाहणीत मोजायची? ती कामात नाही, विश्रांतीत नाही. सुईदोरा घेऊन बसावं तर कान टँकरच्या आवाजाकडे. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यात शहापूरच्या बाईची दुपार गेलेली आहे, हे शहरातल्या मैत्रिणींनीही लक्षात घ्यायला हवं.

चोवीस चिंचोके

बचतगटाच्या बैठकीत आम्ही एक साधा खेळ घेतो. प्रत्येकीला चोवीस चिंचोके द्यायचे. एक चिंचोका म्हणजे एक तास. कालचा दिवस जमिनीवर मांडायचा. पाण्याचा ढीग, चुलीचा ढीग, शेताचा, गुरांचा, पोरांचा, झोपेचा. चिंचोके हां हां म्हणता संपतात. मग सांगायचं की आता एक चिंचोका तुमच्या आवडीच्या कामाला ठेवा. गोधडीला म्हणा, टाक्यांना म्हणा. कुठल्या ढिगातून उचलणार?

हात जातो तो झोपेच्या ढिगाकडे. चुलीच्या ढिगाला हात लावायची हिंमत होत नाही, कारण तो ढीग आपला आहे असं वाटतच नाही, तो घराचा असतो. झोप तेवढी स्वतःची, म्हणून द्यायची तर तीच.

मग दुसरे चोवीस चिंचोके घरच्या पुरुषाच्या नावाने शेजारी मांडायचे. त्यात शेताचा ढीग असतो, मजुरीचा असतो, तो नाकारायचं कारण नाही. पण नाक्यावर बसण्याचा ढीग असतो, मोबाइलचा असतो, जेवायला बसल्यावर ताट येण्याची वाट पाहण्याचा असतो. दोन्ही मांडण्या शेजारीशेजारी आल्या की मगच बायांचे हात एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीकडे जायला लागतात. पाण्याचा एक चिंचोका इकडून तिकडे. पोराला अंगणवाडीतून आणण्याचा एक तिकडे. वेळ 'काढणं' आणि वेळ 'वाटून घेणं' यातला फरक सांगायला मला याहून चांगली रीत माहीत नाही.

दोन आक्षेप, एक आतला आणि एक बाहेरचा

आता आतला आक्षेप. आपल्याच चळवळीतल्या अनेकींना शिवण-टिपणाचा विषय काढला की कपाळाला आठ्या पडतात. त्याला कारण आहे. मुलीला शाळेतून काढून हातात सुई दिली गेली, स्थळ पाहताना 'शिवणकाम येतं का' हे विचारलं गेलं. बाईच्या विकासाची कोणतीही योजना आली की ती शिवणवर्गापाशी येऊन थांबली. जिल्हा परिषदेच्या महिला-बालकल्याणाच्या योजनांतून वर्षानुवर्षं शिलाई मशिनी वाटल्या जातात. सरकारला बाई म्हटली की मशीनच आठवते. हा राग खरा आहे आणि तो ठेवायलाच हवा.

पण १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं तेव्हापासून शिवणाने किती एकट्या पडलेल्या बायांना पोटापाण्याला लावलं, हेही विसरता येणार नाही. सुई हे बेडीचंही साधन होतं आणि सुटकेचंही. प्रश्न सुईचा नाही, सुई कधी धरायची आणि कधी खाली ठेवायची हे कोण ठरवतं याचा आहे. पुरुष भजनात पखवाज वाजवतो तेव्हा त्याला आपण कलावंत म्हणतो, मग गोधडी शिवणाऱ्या बाईला घरात अडकलेली का म्हणावं? तिने निवडलेल्या गोष्टीला आपणही कमी लेखलं तर आपल्यात आणि 'रिकामपणचे उद्योग' म्हणणाऱ्यांत काय फरक?

बाहेरचा आक्षेप जास्त गोड बोलतो. तो म्हणतो, 'एवढी सुंदर कला आहे, मग विका ना! बचतगटाचा स्टॉल लावा, ऑनलाइन टाका.' विकायला माझा विरोध नाही. बाईच्या हातात तिचा पैसा येणं ही आपली जुनी मागणी आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात यायला लागले तेव्हा पाड्यावरच्या बायांना त्याचा आधार वाटला, हे मी पाहिलेलं आहे. पण पैसे खात्यात आले, तास आले नाहीत. विक्रीच्या गोधडीचंही तसंच होतं. समजा एका गोधडीला साठ तास लागले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी झाली. दिवसाला ३०० रुपये जरी धरले तरी नुसत्या शिलाईचे २२५० रुपये होतात. कापड, दोरा, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. एवढी किंमत सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, 'जुन्या साड्यांचीच आहे ना?' मग बाई भाव उतरवते आणि आपल्याच तासांवर सूट देते. घरबसल्या काम करणाऱ्या मजुरांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे घरात बसून नगावर शिवणाऱ्या बाईच्या मागे तेवढाही आधार नाही.

बाजार आला की कला कुणाची होते, याचं उदाहरण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे. डहाणू-तलासरी भागात वारली लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा तो सुवासिनींनी, अशी रीत होती. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे गेले, चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि जगभर गेलं. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती त्यांच्या हाताच्या ताकदीने मिळाली, याबद्दल दुमत नाही. आज वारली बायाही कागदावर चित्रं काढतात. पण भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या सुवासिनींची नावं कुठे आहेत? त्यांना भिंतीसमोर बसायला वेळ मिळायचा तो लग्नापुरता, विधीच्या नावाने. कागदासमोर रोज बसायचं तर रोजची दुपार लागते, आणि ती पुरुषाकडे होती. कला बाईची, वेळ पुरुषाचा, म्हणून नावही पुरुषाचं. गोधडीच्या बाबतीत हे पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर स्टॉलच्या आधी वेळेचं बोलावं लागेल.

आणि एक तिसरी मंडळी आहेत, आक्षेप न घेणारी, नुसती गहिवरणारी. 'आईच्या गोधडीची ऊब', 'टाक्याटाक्यात माया'. ही माया त्यांना हवी असते, पण आई गोधडी शिवत होती त्या दुपारी भांडी कुणी घासली, हा प्रश्न त्यांना पडत नाही. आईच्या टाक्यांचं कौतुक करायचं असेल तर तिच्या हातातली कळशी आधी आपण घ्यावी. तेवढं न करता केलेलं कौतुक आईच्या कामी येत नाही.

मग करायचं काय?

मागण्या मोठ्या नाहीत, पण त्या टाळायला सोप्या आहेत, म्हणून नीट मांडू या.

घरात: पाणी, चूल आणि पोरं यातलं किमान एक काम पुरुषाच्या नावावर कायमचं लागलं पाहिजे. 'मदत' म्हणून नव्हे. मदत मागावी लागते आणि थांबवता येते, नावावर लागलेलं काम करावंच लागतं. मुलगा-मुलगी दोघांच्याही हातात सुई आणि दोघांच्याही हातात कळशी.

गावात: ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून आणखी एक शिवणवर्ग आणि आणखी चार मशिनी मागू नका. लावणीच्या दिवसांत पाळणाघर मागा, टँकरची ठरलेली वेळ मागा, गावातल्या विहिरीची दुरुस्ती मागा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ती सह्यांपुरती न ठेवता तिथे हा विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. तास मिळाले तर शिवायला बाया कुणी शिकवायची वाट पाहत नाहीत, त्यांना येतं.

आपल्या गटात: महिन्यातली एक दुपार अशी ठेवा की ज्या दिवशी हप्त्याची वही उघडायची नाही, कर्जाचं बोलायचं नाही, प्रशिक्षण द्यायचं नाही. प्रत्येकीने आपलं हातातलं काम घेऊन यायचं. ज्यांना काही शिवायचं नसेल त्यांनी नुसतं बसायचं. भट्टीवर गेलेल्या बायांसाठी ही दुपार पावसाळ्यात, लावणी झाल्यावर ठेवा, म्हणजे त्यांनाही ती मिळेल. विकायचं ठरलं तर किंमत तासांवर काढा आणि ती वहीत लिहा, किमान वेतनाच्या खाली उतरू नका. आणि विकायचं नाही असं एखादीने ठरवलं तर तिला 'कसली ही हौस' म्हणू नका. न विकण्याचाही तिला हक्क आहे.

या सगळ्यावर मला विचारलं जातं की पाणी नाही, मजुरी नाही, मारहाण थांबत नाही, अशा वेळी गोधडीच्या फुलांची चर्चा कशाला? पण बाईला फक्त गरजेपुरतंच जगू द्यायचं, हेच तर ही व्यवस्था आजवर सांगत आली आहे. पाणी आपण मागतो ते जगायला, मजुरी मागतो ती पोटाला, आणि दुपार मागतो ती स्वतःसाठी. पहिल्या दोन मागण्यांना 'नाही' म्हणणारे निदान कारणं देतात. तिसरी मागणी आपण अजून तोंडातून काढलेलीच नाही. ती काढू या. येत्या महिन्याच्या बैठकीत चोवीस-चोवीस चिंचोके मांडा, कुणाचा ढीग किती हलला ते कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.